शेपटीकडे झुकणाऱ्या चिरा

१२ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंना नमस्कार.

मला इथे येऊन आज अकरा दिवस झाले. तब्येत बरी आहे. लेक आणि जावई सकाळी आठला बाहेर पडतात ते दिवेलागणीला परत येतात. घर पाचव्या मजल्यावर आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या खिडक्या दिसतात, आणि त्या खिडक्यांतल्या बायकांना मी दिसते. हवा इतकी कोरडी की ओठ फुटले. मीठसुद्धा बरणीत सुटं राहतं. आपल्याकडे ते चमच्याने खरवडावं लागायचं. तुमच्या डोळ्यांचं कसं आहे? हे पत्र भावजी तुम्हाला वाचून दाखवत असतील. त्यांनाही नमस्कार सांगा. म्हणजे, वाचतायत तेच, तर त्यांना तो मिळालाच.

आता कामाचं लिहिते.

मी निघताना तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "धाकटे, त्याचं तोंड बघायला मिळणार नसेल तर मला डोळे कशाला हवेत? तो सापडल्याशिवाय मी ऑपरेशनला बसणार नाही." डॉक्टरांनी एक एप्रिलची तारीख दिली आहे. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला, आता थांबू नका, असं ते बजावून म्हणाले. मी तिथेच उभी होते. पण तुम्ही हट्टाला पेटलात की डॉक्टर काय आणि दगड काय, सारखेच. म्हणून मी इथे आल्यापासून दुसरं काही केलेलं नाही.

बोट उलटली, हे गेले, तुमचा मुलगा पोहत काठाला लागला, आणि पाचव्या दिवशी पहाटे तोही घर सोडून गेला. त्याला या महिन्यात चार वर्षं होतील. तुम्हाला ठाऊक असलेलंच मी पुन्हा लिहितेय. मला हल्ली ते मनात घोळवायची खोड लागली आहे.

आपल्या धक्क्यावर बर्फाची गाडी आणणाऱ्या त्या ड्रायव्हरने त्याला या शहरात माशांच्या एका हॉटेलच्या मागच्या दाराशी बघितलं. हॉटेल कुठलं ते त्या भल्या माणसाला आठवत नाही. इथून समुद्र एका रात्रीच्या प्रवासावर आहे, तरी दर चौकात माशाचं चित्र. मी ठरवलं, ताट बघायचं. आपल्या खानावळीत तो माझ्या शेजारी बसून मासा करायला शिकला. सगळे लोक माशाला चिरा पाडतात त्या डोक्याकडे झुकतात, आपल्या शेपटीकडे. सासूबाई डावखुऱ्या होत्या, त्यांनी ज्याला ज्याला शिकवलं त्याच्या चिरा तशाच पडत गेल्या. मुलगा दाढी वाढवेल, नाव बदलेल, पण हाताला लागलेलं वळण बदलत नाही.

पहिलं हॉटेल स्टेशनसमोरचं. दारावर माणसाएवढा मासा रंगवलाय आणि त्या माशाला चक्क पापण्या आहेत. तिथेच मी परतायला हवं होतं. वाढप्याला विचारलं, "मासा ताजा आहे का रे?"

"एकदम ताजा, मावशी. कालच आला."

"काल आला, पण मेला कधी?"

तो आत विचारायला गेला तो आलाच नाही. ताट घेऊन दुसराच आला. बांगडा होता. मसाला इतका थापलेला की आतला बांगडा लाजून बसला होता. मी मसाला खरवडून बघितला. चिराच नव्हत्या.

दुसऱ्या ठिकाणी लेक घेऊन गेली. तिसरा मजला, पांढरे टेबलक्लॉथ, पाण्याच्या काचेच्या पेटीत जिवंत रंगीत मासे, ते बघत आपण मेलेले खायचे. काटे आधीच काढलेले. मी म्हटलं, काटे नाहीत तर हा कोणता मासा ते ओळखायचं कशावरून? लेक म्हणाली, "आई, हळू बोल." तिला वाटतं मला घरची चव आठवते म्हणून मी हॉटेलं हिंडते. मी तिला खरं सांगितलेलं नाही. तिच्या वडिलांचा विषय तिच्यापुढे काढवत नाही.

तिसरं हॉटेल म्हणजे कपड्यांच्या कारखान्याच्या फाटकासमोरची एक बाई. चार बाकं, एक शेगडी. मासा तोंडात घातला आणि चिखलाचा वास आला. मी तिच्याकडे बघितलं, तर तीच म्हणाली, "तळ्यातला आहे हो. समुद्राचा म्हणून कशाला खपवू? खाणाऱ्याला कळतंच." मला ती बाई आवडली. तिने सांगितलं, "समुद्राचा हवा असेल तर बसडेपोच्या मागे जा. गाडी बुधवारी आणि शनिवारी पहाटे येते. त्या दोन दिवशीच खा, बाकीच्या दिवशी त्याच्याकडे नुसता भात खा."

येत्या शनिवारी जाते. तुम्ही जेवत जा वेळेवर. आणि भावजींना घालून पाडून बोलू नका. ते काही म्हणत नाहीत म्हणून त्यांना लागत नाही असं नाही.

तुमची,
धाकटी

४ मार्च

ती. जाऊबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. अक्षर भावजींचं असलं तरी बोलणं तुमचंच. "हॉटेलं खात फिरतेस की माझा मुलगा शोधतेस?" हे वाक्य लिहिताना भावजींनी पेन दाबून धरलेलं दिसतं, शाई पसरली आहे. तुम्ही रागावणार हे मला माहीत होतं. उत्तर द्यायला मी उशीर केला.

इथे ऊन वाढलं आहे. पाणी सकाळी एक तास येतं. जावयाला सर्दी झाली होती, आता बरी आहे. लेकीने दवाखान्यातून मोतीबिंदूचं माहितीपत्रक आणलं, ते मी दोनदा वाचलं. ऑपरेशन वीस मिनिटांचं. दुखत नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढतात. फार थांबलं तर मोतीबिंदू कडक होतो आणि मग काढणं अवघड होतं, असं त्यात ठळक अक्षरांत छापलं आहे. पत्रक सोबत घातलं आहे. भावजींना सावकाश वाचायला सांगा. आणि जाऊबाई, तो सापडो न सापडो, तुम्ही ऑपरेशन करून घ्या. माझ्यासाठी करा.

डेपोच्या मागे जाऊन आले. ते हॉटेल बंद होतं.

त्यानंतर आणखी दोन बघितली. एकात कोळंबी होती, तिचा रबर झालेला. दुसऱ्यात मालक स्वतः टेबलाशी येऊन माशाचे गुण सांगत होता, मी म्हटलं, डोळा दाखवा. माशाचा डोळा आत गेलेला. मी मालकाकडे बघितलं, मालकाने छताकडे बघितलं.

इमारतीच्या तळमजल्यावर वाचनालय आहे. तिथल्या बाईंना वाटतं मी शिकलेली आहे. मी सांगितलं, शाळेत गेले नाही, मासळी बांधून द्यायचे कागद वाचत वाचत शिकले, त्यामुळे कुठल्याच बातमीचा शेवट मला कधी कळला नाही. त्या खूप हसल्या आणि एक जाड पुस्तक दिलं. त्यातली बाई पहिल्या पानापासून नवऱ्याशी एक गोष्ट लपवते. साठ पानं झाली तरी सांगत नाही. मला पुढे वाचवेना. परत करून टाकलं.

रात्री जेवण जात नाही. काळजी करू नका, हवेमुळे असेल.

तुम्ही पत्रात लिहिलंत की भावजींनी आदल्या संध्याकाळी बोट विकायच्या गोष्टीवरून पोराला बोल लावले नसते तर तो राहिला असता. हे तुम्ही भावजींनाच लिहायला लावलंत. त्यांनी लिहिलं. जाऊबाई, असं करू नका. बाप पोरांना बोलतातच. त्याने कोणी जात नाही.

एवढंच लिहिते. कागद संपला.

तुमची,
धाकटी

१९ मार्च

ती. जाऊबाईंना नमस्कार.

या खेपेला अक्षरं बोटाच्या पेराएवढी काढली आहेत, त्यामुळे बरीच पानं झाली. हे पत्र तुम्ही स्वतः वाचा. उन्हात बसा, भिंग घ्या, दोन दिवस लागले तरी चालेल. भावजींना नंतर द्या, पण द्याच. त्यांच्याच तोंडून हे ऐकायची वेळ तुमच्यावर येऊ नये, आणि वाचून दाखवायची त्यांच्यावर.

तुमचा मुलगा सापडला. धडधाकट आहे. अंगाने भरलाय, पुढचे केस थोडे गेलेत. आधी हे वाचून घ्या, मग जरा थांबा, मग पुढचं वाचा.

डेपोच्या मागचं हॉटेल बंद नव्हतं. मी खोटं लिहिलं. शनिवारी दुपारी गेले तेव्हा ते उघडं होतं आणि बसचे ड्रायव्हर-कंडक्टर दाटीवाटीने जेवत होते. मी बांगडा सांगितला. ताट आलं. चार चिरा, चारी शेपटीकडे झुकलेल्या, आणि मसाला चिरांच्या आतपर्यंत बोटाने भरलेला. मी एक घास तोंडात घेतला. हातरुमालात काढला आणि निघून आले.

त्यानंतर तीनदा गेले. समोर पंक्चरवाल्याचं दुकान आहे, तिथल्या बाकावर बसायचे. पंक्चरवाला एकदा म्हणाला, "बाई, तुमचं काय पंक्चर झालंय?" मागच्या दाराने तो बाहेर आलेला मी दोनदा बघितला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. नाही मारली. आणि घरी येऊन तुम्हाला लिहिलं, बंद होतं. तुम्ही डोळ्यांचा हट्ट धरून बसल्या आहात हे माहीत असताना लिहिलं. इतकी मी घाबरले होते.

तो सापडला की तुम्ही त्याला विचारणार, का गेलास? आणि तो का गेला ते मला माहीत आहे. चार वर्षं माहीत आहे.

हे गेले त्याच्या चौथ्या दिवसाची रात्र आठवा. तुम्ही आतल्या खोलीत झोपला होतात, तुम्हाला डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं होतं. भावजी धक्क्यावर होते. संध्याकाळी त्यांचं आणि पोराचं बोटीवरून वाजलं, ते सगळ्या वाडीने ऐकलं. पण रात्री तो माझ्याकडे आला, खानावळीच्या मागच्या दाराने. चार दिवस कोणी चूल पेटवली नव्हती, त्या दिवशी शेजारणीने भात-आमटी आणून दिली होती. तो म्हणाला, "काकू, जेवायला आहे का काही?" मी ताट वाढलं. तो बसला. त्याने भात कालवला. त्याच्या दंडाला दोर काचलेले वळ होते. आणि तो जेवायला लागला, भुकेल्या माणसासारखा, भराभर.

मला ते बघवलं नाही, जाऊबाई. मी त्याच्यापुढचं ताट ओढून घेतलं. त्याच्या हातात घास होता. मी म्हटलं, "ज्याने तुला पोहायला शिकवलं त्याला पाण्यात सोडून आलास आणि इथे बसून जेवतोस? परत कशाला आलास तू?"

हातातला घास कुठे ठेवावा ते त्याला कळेना. मग त्याने तो खाल्ला, उठला, हात धुतला आणि गेला. पहाटे तुम्ही जाग्या झालात तेव्हा तो नव्हता.

सगळे म्हणाले, बाप बोलला म्हणून पोरगा गेला. तुम्ही म्हणालात. भावजी स्वतःसुद्धा तसंच धरून चालले. मी शेजारी उभी होते. पहिल्या दिवशी वाटलं, उद्या सांगते. मग तो परत येईल तेव्हा सांगते. मग तुम्ही भावजींचं ताट ओट्यावर ठेवून निघून जायला लागलात, वाढेनाशा झालात, तरी मी गप्प. मी त्यांना वाढायचे आणि मनात म्हणायचे, मी त्यांची सेवा करतेय. कसली सेवा? त्यांच्यावर पडलेलं माझं पाप मी त्यांच्याच पाठीवर राहू दिलं.

का गप्प राहिले? हे गेल्यावर मला तुम्हीच होतात. सव्वीस वर्षं आपण एका ओट्याशी बसलो. तुम्ही मला बाहेर काढलं असतं तर मी कोणाजवळ बसले असते? एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर मीही ते लिहिलं असतं.

आता बुधवारचं लिहिते.

बुधवारी मी आत गेले आणि वाढप्याला म्हटलं, "मासा ज्याने चिरला त्याला बाहेर पाठव." तो म्हणाला, "काही चुकलं का, आजी?" मी म्हटलं, "चुकलं, पण त्याचं नाही."

तो फडक्याला हात पुसत आला. मला बघून जागीच थांबला. मग खुर्ची ओढून समोर बसला आणि माझ्या ताटाकडे बघून म्हणाला, "काकू, कसा झालाय?"

मी म्हटलं, "मीठ कमी आहे."

"इथल्या लोकांना तसंच लागतं."

"लागत नसतं. त्यांना समुद्राचा मासा माहीत नाही म्हणून तू फसवतोस."

तो हसला. तुमच्यासारखं, एका गालात. वाढपी उगीचच पाणी ओतून गेला, पेला भरलेलाच होता.

मी म्हटलं, "मी तुझं ताट ओढलं."

तो म्हणाला, "तुम्ही ओढलंत त्याचं काही नाही, काकू. मला भूक लागली होती, त्याची लाज वाटली. काका गेले आणि मला भूक लागली होती. तुम्ही म्हणालात ते मी आधीच स्वतःला म्हणत होतो. फक्त दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं."

मग त्याने न विचारता सांगितलं. लाट आली तेव्हा दोघंही पाण्यात पडले. हे ओरडले, "काठाकडे बघ, मार हात." तो निघाला. त्याला वाटलं, काका मागे आहेत. शेवटपर्यंत वाटत होतं. पोहताना मागे वळून बघायचं नाही, दम तुटतो, हे यांनीच त्याला शिकवलं होतं. मी ऐकलंय धक्क्यावर, तो आठ-नऊ वर्षांचा असताना. एकदा वळून बघितलं म्हणून यांनी त्याचा कान धरला होता. त्याने शिकवलेलं पाळलं. वाळू पायाला लागली तेव्हा वळला, तर मागे पाणीच होतं.

मला नीट सांगता येत नाही. मला वाटत होतं, कधीतरी ते कसं झालं हे कळेल आणि मग मला कोणाचा तरी राग धरता येईल. आता कळलं, आणि रागाला जागाच उरली नाही. मी ताटातला तो मासा संपवला. थंड झाला होता. तो समोर बसून राहिला होता.

मग त्याने विचारलं, "आई कशी आहे? बाबा?"

मी डोळ्यांचं सांगितलं. भावजींचं सांगितलं. ते ऐकून तो उभाच राहिला. "बाबांना? बाबांनी काय केलं? बोटीवरून तर आमचं रोजच वाजायचं!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. तो म्हणाला, "काकू, तुम्ही चार वर्षं..." आणि थेट माझ्याकडे बघितलं. ताट ओढल्याचं त्याने मनावर घेतलं नव्हतं. हे घेतलं.

तो म्हणाला, मी आत्ताच फोन लावतो. मी म्हटलं, आधी मला लिहू दे. तू सांगितलंस तर तू माझी बाजू घेशील, आणि मग तुझी आई तुझ्यावर विश्वास ठेवायचा म्हणून मला माफ करून टाकेल. तसं नको. तो म्हणाला, "लिहा. पण सगळं लिहा. बाबांचं आधी." बाबांचं आधी लिहिणं मला जमलं नाही, जाऊबाई. मधेच आलं. पण आलं.

रविवारी, २६ तारखेला सकाळी दहा वाजता तो बर्फाच्या कारखान्यातल्या फोनवर फोन करणार आहे. तिथल्या कारकुनाला मी वेगळं पत्र टाकलंय, तो तुम्हाला खुर्ची देईल. ऑपरेशनला यायचं की नाही ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. ते तुम्ही विचारा. तो तुम्हाला नाही म्हणेल असं मला वाटत नाही, पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका.

एक मागते. फोन वाजला की तो तुम्ही उचलू नका. भावजींना उचलू द्या. तुम्हाला त्याचा आवाज ऐकायची किती घाई असेल ते मला कळतं. पण चार वर्षं त्या माणसाला वाटतंय की आपण पोराला घालवलं. त्यांना आधी "बाबा" ऐकू दे.

माझ्याविषयी तुम्ही काय ठरवाल ते ठरवा. उत्तर आलं नाही तर मी समजेन. ओट्यावरची माझी जागा रिकामी ठेवा असंही म्हणत नाही, तिथे परातीला जागा होईल.

अजून असेन तर,
तुमची जाऊ